ओल्या फडक्याची चाचणी

१२ मार्च, दुपार

तीर्थस्वरूप आईंना,

साष्टांग नमस्कार. आम्ही मजेत आहोत. तुमचे चिरंजीव अजूनही ओला टॉवेल पलंगावरच टाकतात. ताईंकडे गेल्यापासून तुमचा गुडघा कसा आहे? फोनवर तुम्ही "बरं आहे" म्हणून ठेवून देता, म्हणून कंपनीच्या कँटीनमध्ये बसून हे लिहिते आहे. अक्षर नाचतंय, कारण मीच नाचते आहे.

आई, आमच्या नव्या शेगडीतला दोष सापडला, आणि तो तुम्ही शोधलात!

नीट सांगते. वापरून बघायला मी घरी आणली होती ना, तीच विजेवरची काचेची शेगडी, नुसत्या बोटाच्या स्पर्शाने चालणारी. उद्यापासून ती कारखान्यात बनायला लागणार होती. दोन वर्षं तिची परीक्षा घेणं हेच माझं काम. आम्ही तिला तापवली, गारठवली, आदळली, नाही नाही ती बटणं दाबून तिच्यातल्या प्रोग्रॅमला छळलं. पठ्ठी सगळ्यातून पास. आज सकाळी फक्त माझी सही बाकी होती. साहेब पेन उघडून उभे होते.

सहीच्या कागदावर जुन्या तक्रारींची यादी असते. सातवी आपल्या घरची. "बंद शेगडी आपोआप चालू झाली." पुढे माझ्याच अक्षरात, "पुन्हा घडले नाही. तक्रार बंद."

त्या दिवशी पातेल्याचा कोळसा झाला, तेव्हा तुम्ही एकच सांगत होतात, "अगं, मी नुसती पुसत होते." मी चाळीस वेळा तपासलं. पण कोरड्या बोटाने, एकेक बटण दाबून. तुम्ही पुसता तसं एकदाही पुसून पाहिलं नाही.

आज साहेबांना म्हटलं, पाच मिनिटं थांबा. फडकं ओलं केलं, तुमच्यासारखं अर्धवट पिळलं आणि पातेलं न उचलता त्याच्याभोवती फिरवलं. दोनदा काही नाही. तिसऱ्यांदा दिवा लागला आणि पातेलं तापायला लागलं. चुकून चालू होऊ नये म्हणून दिलेल्या कुलपाच्या आणि चालूच्या बटणावर एकदम पाणी पसरलं की त्या वेडीला वाटतं, कोणीतरी दोन्ही दाबली. पुढे दहातून चार वेळा तेच झालं. प्रोग्रॅमवाल्या बाईंनी कपाळावर हात मारला, साहेबांनी पेन खिशात घातलं, आणि मी टाळ्या वाजवत होते. काखेत कळसा अन् गावाला वळसा! उद्याचं उत्पादन थांबलंय.

मग माझ्या टाळ्याही थांबल्या. ती तक्रार बंद करून मी काय केलं, ते आठवलं. तुमच्या चिरंजीवांना म्हटलं, आईंना विसर पडायला लागलाय. तुम्हाला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, वयाच्या मानाने सगळं ठीक आहे. तरी मी तुम्हाला शेगडीला हात लावू दिला नाही. तुम्ही भांडला नाहीत, बॅग भरलीत. परवा ताई सांगत होत्या, तुम्ही तिथेही शेगडीजवळ जात नाही, आणि औषध घेतलं की चिठ्ठीवर लिहून ठेवता. माझ्यामुळे तुम्ही स्वतःवरचा विश्वास सोडलात, आई. मला फार लाज वाटते.

तुम्ही काहीही विसरला नव्हतात. चूक शेगडीची होती, आणि तिच्याहून मोठी माझी.

अहवालात "दोष कोणी शोधला" या रकान्यात तुमचं पूर्ण नाव लिहिलंय.

परत या म्हणायला मला तोंड नाही, ते तुम्ही ठरवा. पण पत्र वाचून झालं की ताईंच्या स्वयंपाकघरात जा, शेगडी स्वतः पेटवा आणि कोणालाही न विचारता सगळ्यांसाठी चहा टाका.

जिने सर्वांच्या आधी तुमचं ऐकायला हवं होतं, ती
तुमची सून