आता आई नाक खाजवते

ती. रत्नामावशी,

अमेरिकेतल्या कॅरीहून सावनीचा साष्टांग नमस्कार (कंबर धरलीय, सध्या अर्धाच मानून घे). तुझा गुडघा कसा आहे? आम्ही खुशाल, फक्त माझा घसा पार बसलाय, म्हणून फोनऐवजी पत्र.

श्रीरंग दोन वर्षांचा झाला तरी चारच शब्द बोलायचा, म्हणून मी नोकरी सोडली, ते तुला ठाऊकच आहे. (शंतनूनं का नाही सोडली, हे विचारू नकोस; विचारलं की तो भांडी घासायला लागतो.) स्पीच थेरपीवाल्या बाई म्हणाल्या, दिवसभर जे जे कराल ते मोठ्यानं बोलत राहा. झालं! आठ महिने माझी टकळी चालू: 'आता आई भात धुते, आता आई कुकर लावते, आता आई बाबांवर चिडते.' पोरगा ढिम्म! मला मात्र सवयच जडली. परवा दुकानात 'आता आई कार्ड काढते' म्हणाले, तर मागचे आजोबा दोन पावलं मागे सरकले.

त्यात मंगळवारी व्हिडिओवर इंटरव्ह्यू. एवढ्या गॅपनंतर ही संधी गेली तर मला पुन्हा कोण विचारणार गं? ओठ घट्ट दाबून बसले होते. कोडिंगचा प्रश्न आला आणि मी सुटलेच: 'आता आई प्रश्न वाचते, आता आईला काही कळत नाही, आता आई नाक खाजवते, आता लूप लावते, चुकला, खोडते.' (सगळं इंग्रजीत, 'आई'सकट.) पाऊण तास! म्हटलं, बोंबललं सगळं. तर साहेब खूश! त्यांना उमेदवाराचं डोकं कसं चालतं, तेच ऐकायचं असतं. म्हणे, इतक्या मोठ्यानं विचार करणारं माणूस पहिल्यांदाच पाहिलं. दिवाळीनंतर हजर व्हायचंय.

पण मावशी, माझा पाय निघत नाही. डेकेअरमध्ये त्याला भूक लागली, कुठे दुखलं, तर चार शब्दांत सांगणार काय तो?

असो. काकांना नमस्कार.

तुझी,
सावनी

ता. क. मागे तू आलीस तेव्हा 'मावशी, जरा गप्प बस ना' म्हणाले होते, ते मागे घेते. सहा महिने येशील? काही करायचं नाही, फक्त नेहमीसारखं बोलत राहायचं.

ता. क. २. आत्ताच बसक्या आवाजात 'आता आई पाकीट चिकटवते' म्हणाले, तर श्रीरंग मान वर न करता म्हणाला, 'आता आई ऑफिसला जाते.' अख्खं वाक्य! मी ढसाढसा रडले. लगेच दुसरं आलं: 'आता आई रडते.' तेव्हापासून थांबलेला नाही. तू येच. फक्त आता बोलायला नाही, ऐकायला. जमेल का गं?