वेणी कुठे गेली?

मंगळवार, ४ मार्च

भूक! म्हणे भूक!

सुनेनं आग्रह केला म्हणून कलादालनात गेले. एका जुन्या चित्रकाराची पेन्सिलीची रेखाटनं. चौथ्यापाशी पोचले आणि दरदरून घाम फुटला. स्टुलावर बसलेली बाई, अंगावर चिंधी नाही, जेमतेम बारा रेषा. चेहरा कोरा. मान खाली. घोटे मात्र एकावर एक – कॉन्व्हेंटात मदरनी आम्हा बहिणींना पट्टी मारून शिकवले तस्से!

मीच. बावन्न वर्षांपूर्वीची मी!

खाली पाटी : ‘अनामिक श्रमिक स्त्री. भुकेपोटी देह दाखवावा लागलेल्या वर्गाची प्रतिनिधी. झुकलेल्या मानेत शोषणाची लाज.’

सून हळहळली, ‘बिचारी!’ मी नुसती खोकले.

बुधवार, ५ मार्च

लाज कसली डोंबलाची? हसू आवरत नव्हतं म्हणून मान खाली! एका विद्यार्थ्याचा खोडरबर माझ्या स्टुलाखाली घरंगळला होता आणि तो मागायची त्याची छाती होईना.

आणि भूक? घरी पोटभर मिळत होतं. मिळत नव्हतं ते बूड टेकायला. नऊ माणसं! पाणी आण, इस्त्री कर, बाळाला धर. ताई आधी शिकली त्याच टायपिंगच्या क्लासला मी जायचे. वरच्या मजल्यावर चित्रकलेचा वर्ग. एकदा त्यांची नेहमीची बाई आली नाही. सरांनी चाचरत विचारलं, मी हो म्हटलं. पाऊण तास कुणी एक काम सांगितलं नाही – स्वर्ग! पुढे सात वेळा गेले.

हा सामाजिक संदर्भ. लिहा पाटीवर!

शुक्रवार, ७ मार्च

आज एकटीच जाऊन पुन्हा पाहिलं. एकच खटकलं. माझी कंबरेपर्यंतची वेणी गायब! मानेपाशी चार आखूड फराटे. आधुनिकता म्हणायची. रेषांची काटकसर.

पाटी सुधारायची तर नाव सांगायला हवं. नाव सांगितलं की ताईला कळणार. वय एक्क्याऐंशी, जीभ अठराची. माझ्या बिनबाह्यांच्या झग्यावरून महिनाभर अबोला धरला होता तिनं.

शनिवार, ८ मार्च

बोलले!! दालनात व्याख्यान होतं. चष्मेवाली तज्ज्ञ मुलगी म्हणाली, ‘या स्त्रीला आवाज नव्हता,’ आणि मी उठलेच. पस्तीस वर्षं वकिलाच्या कचेरीत लोकांची वाक्यं सुधारली, हे एक कशाला सोडू?

‘आवाज आहे, बाळ. आणि ती जेवून आली होती!’

सगळ्या माना वळल्या. सून : ‘आई... तुम्ही?’

‘मीच. तोंड मिट, माशी जाईल.’

टाळ्या! पाटी बदलणार, माझं नाव घालणार! परतताना सून जिन्यातच बसली, पोट धरून हसत. मीही बसले. उठताना गुडघ्यांनी सूड घेतला.

रविवार, ९ मार्च

सुनेच्या पोटात काही राहील तर शपथ. ताईला फोनवर सगळं सांगून मोकळी! ताईनं म्हणे एवढंच विचारलं – ‘दालन किती वाजता उघडतं?’

आता माझी धडगत नाही.

मंगळवार, ११ मार्च

ताई काठी टेकत दालनात गेली, तिथून थेट माझ्याकडे. पाणीसुद्धा घेतलं नाही.

‘टायफॉइडनंतर केस कुणाचे कापले होते गं?’

‘तुझे,’ म्हटलं आणि माझा हात मानेमागे गेला.

‘तुझ्या आधी दोन वर्षं मी बसायचे त्या स्टुलावर. पाटीवर माझं नाव घालायला सांग. आणि मान लाजेनं नाही, हसण्यानंही नाही – मला झोप लागली होती.’