कादंबरीतली आई

आई, पायांवर डोकं ठेवते. सूज असेल तर पाय उशीवरच राहू देत.

दादाचा फोन आला. तुझे रिपोर्ट चांगले आले म्हणे. जीव भांड्यात पडला. त्यानं काही लपवलं असेल, तर तू सांग.

कादंबरी काल पूर्ण झाली. शेवटी आई मरायला हवी, म्हणून संपादक हटून बसले होते. वाचक रडतात म्हणे. पण तुझ्या तपासण्या चालू होत्या, तेव्हा त्या पानावर माझा हातच चालेना.

शेजारच्या खोलीत एक चित्रकार राहतो. मटार सोलत बसलेल्या आपल्या आईचं एकच चित्र तो कित्येक वर्षं रंगवतोय. काय सुरेख हात काढलेत. "पूर्ण का करत नाही?" विचारलं, तर म्हणाला, "पूर्ण केलं की ती उठून जाईल."

सध्या वाचतेय त्या पुस्तकातही कुणी मरत नाही. एक कुटुंब नुसतं घर बदलतं, तरी खाली ठेववत नाही.

मग माझ्या कादंबरीतली आईही जगली. शेवटच्या पानावर ती मुलीला खडसावते, "पानंच्या पानं लिहितेस, पण वेळेवर जेवतेस का?"

जेवते गं. तू गोळ्या घेतेस ना?

तुझी,
धाकटी