डोळ्यामागं शिरलेली सर्दी

मु. पो. राहू, मंगळवार सकाळ

इनामगावच्या आदरणीय हौसरावमामांना भाची गौतमीचा जय भीम. तुमच्या गुडघ्यांना आराम असंल, मामी तुमच्यावर कमी चिडत असतील. (पत्र का, तर फोनवर तुम्ही समोरच्याला बोलू देत न्हाई, हातात आलेला कागद मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचता.)

मामा, मी काल दवाखान्यातून घरी आले, आन् सगळं सांगितल्याबिगर मला गप बसवत न्हाई! पंधरा दिवस सर्दी होती. सर्दीला कोण विचारतंय? मग कपाळ ठणकायला लागलं, ताप आला आन् एका सकाळी डावा डोळा वड्यासारखा फुगून बंद. रंभाआत्या म्हणाली, गांधीलमाशी चावली. पप्पा म्हणाले, उसाचं पाचट लागलं. शेजारच्या गेणबाआबांनी (स्वतःला मोतीबिंदू, तरी रस्त्यावरूनच बघून) नजर लागल्याचं जाहीर केलं. तिघांचे तीन इलाज झाले, डोळा काही उघडंना. दुपारी पापणी बोटानं वर केली तर दारात दोन पप्पा दिसले, दोघं बी एकदमच ओरडत होते.

यवतच्या डॉक्टरांनी पेनाचं लाल टोपण दाखवलं. उजव्या डोळ्याला ते लाल दिसलं, डाव्याला विटकरी. वर बघ म्हणाले, तर डावं बुबुळ हलंना. त्यांनी पप्पांना हळूच सांगितलं, "घरी जाऊ नका. इथूनच पुण्याला न्या."

पुण्यात स्कॅन झालं. नाकाशेजारच्या हाडांतल्या पोकळ्यांत साचलेला पू थेट डोळ्यामागं शिरला होता! तिथं पोकळी असते हेच आमच्या घरात कुणाला ठाऊक न्हवतं (पप्पा माझं डोकं पोकळ हाय म्हणायचे, तेवढंच). सलाईनमधून औषधं सुरू झाली, आन् त्याच संध्याकाळी नाकातून दुर्बीण घालून ऑपरेशन. चेहऱ्यावर एक टाका न्हाई, मामा! डॉक्टरमॅडम म्हणाल्या, अजून एक दिवस घालवला असता तर नजर गेली असती. पू मेंदूपर्यंत बी जातो. दोन दिवसांनी पापणी उघडली तवा एकच पप्पा दिसले. रडत होते. त्यांचे डोळे लालभडक होते, आन् ते मला दोन्ही डोळ्यांनी सारखेच लाल दिसले.

मामींना नमस्कार.

तुमची भाची,
गौतमी

ता.क. : मामी सकाळी फोनवर म्हणाल्या, आठ दिवसांच्या सर्दीनंतर आज तुमच्या लेकाची, सम्राटची पापणी सुजलीय, आन् तुम्ही नाकात लसणाचं तेल सोडून 'उतरंल' म्हणताय.

आणखी एक ता.क. : पत्र घेऊन आलेले पप्पा चहाला थांबायचे न्हाईत. गाडी चालूच हाय. सम्राटला बसवा. भांडायचं असंल तर तुम्ही बी बसा, वाटंत भांडा.