धामण होती ती

१४ नोव्हें., मार्गासनी
नववीला आज साप. फळ्यावर धामण काढली. टपोरे डोळे, ओठांवर काळ्या उभ्या रेघा, फणा नाही. दिवसा फिरते, उंदरांवर जगते. गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते म्हणतात ते खोटं, हेही ठासून सांगितलं. एकीने विचारलं, "मॅडम, तुमी धराल हातात?" म्हटलं, का नाही! टाळ्या. खरं तर बाटलीतल्याशिवाय एकही धरलेला नाही.

१९ नोव्हें.
लिहायला नको वाटतंय.
सुट्टी. सकाळी दहाला पडवीत कपडे वाळत घालत होते. भाताच्या पोत्यांमागून पिवळट, लांबच लांब काहीतरी पायाजवळून सरकलं, थबकलं, मान फुगवली. मी किंचाळले, "काकू, नाग! मारा!"
वत्सलाकाकू, माझ्या घरमालकीण. साठीच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना नुसतं हललेलं दिसलं. माझ्या शब्दावर दांडकं घातलं. पाच-सहा वेळा.
मग मी वाकून पाहिलं. टपोरे डोळे. ओठांवर रेघा. शेपूट अजून वळत होतं.
काकूंनी दांडकं खाली टेकवलं. "नागच व्हता ना वो?"
मी मान हलवली. हो म्हणून.
काकूंचे यजमान अण्णा शेतावर, मुलगा-सून भोरला तपासणीला. कुणी यायच्या आत काकूंनी सापाच्या तोंडात तांब्याचा तुकडा ठेवून, मेलेल्या नागाला जाळतात तसं रीतसर जाळलं. हात जोडले. मीही जोडले.

२० नोव्हें.
आज सांगायचं ठरवलं होतं. काकू देवापाशी बसल्या होत्या. नाही जमलं.

२७ नोव्हें.
सुनीता, काकूंची सून. आठ वर्षांनी दिवस गेलेत, सातवा लागलाय. रविवारी डोहाळजेवण. काकू म्हणतात, ओटी मी भरणार नाही. "ह्या हातानं नाग मेलाय. पोटुशीला हा हात न्हाई लावायचा."
अण्णा समजावून थकले.
शाळेतून आल्यावर सुनीता माझ्या खोलीत आली, रडली. "आत्यांचं माझ्यावर काय बिनसलंय का वो मॅडम? जवळसुदिक येत न्हाईत." तिला नागाचं कुणी सांगितलेलं नाही, घाबरेल म्हणून. मी पाणी दिलं. एवढंच.

२ डिसें.
डोहाळजेवण झालं. काकू मागच्या दारी भांडी घासत होत्या, घरात पाहुणे असताना. सकाळीच मला म्हणाल्या, "माज्या जागी तुमी भरा. तुमचा हात चांगला."
आणि मी भरली. खण, नारळ, तांदूळ. सुनीता पाया पडायला वाकली तेव्हा वाटलं, पळून भोरला आईकडे जावं. फोटोत हसतेय मी.

५ डिसें.
उंदरांनी पोती फोडलीत. अण्णा पडवी झाडताना: "हितं आपली एक धामण असायची. लई वर्सांची. दिसंना आताशा." माझ्याकडे पाहत म्हणाले असं नाही. तरी मी आत गेले.

९ डिसें.
सांगितलं. संध्याकाळी, गोठ्यात. काकू शेण भरत होत्या.
"काकू, तो नाग नव्हता. धामण होती."
"कवा कळलं?"
"लगेच. तुम्ही विचारलंत तेव्हाच."
पाटी खाली ठेवली. "म्हंजी म्या नाग न्हाई मारला." दोनदा म्हणाल्या. मला वाटलं, आता मोकळ्या होतील. चिडतील तरी. पण खालीच बसल्या. "आपली धामण मारली म्या." मग उठताना, "आन् माज्या सुनंची ओटी तुमी भरलीत."
पदराने हात पुसत आत गेल्या.

१० डिसें.
सकाळी भिंतीपलीकडून काकूंचा आवाज. "बस गं सुनीता, डोक्याला तेल घालते." किती दिवसांनी.
माझ्याशी बोलल्या नाहीत. खोली सोडा म्हणाल्या नाहीत. राहा असंही नाही.
दारात अण्णा. "मॅडम, आज चा घ्यायला आला न्हाई?" म्हणजे त्यांना ठाऊक नाही. की ठाऊक असून...
म्हटलं, "शाळेला उशीर होतोय, अण्णा."
साडेनऊ वाजले होते. शाळा अकराची. परत खोटंच.