तुम्ही धुतलेल्या नळ्या

प्रिय धोंडिबामामा,

काल तुमच्या तेराव्याला दिघीला आले होते. पंगती उठल्यावर मामींनी मला चुलीपाशी बसवून घेतलं आणि विचारलं, "शेवंता, तू तितंच व्हतीस न्हवं? खरं सांग, यांनी त्या काचंच्या नळ्या नीट धुतल्या न्हवत्या का गं?" मी खाली बघत म्हणाले, "मला नाही माहीत, मामी."

मला माहीत होतं, मामा. म्हणून आज हे पत्र. तोंडानं जमलं नाही, हातानं तरी जमतंय का बघते.

माझा पहिला दिवस आठवतो? भोसरीच्या मळ्यातली पोर, शिकायला म्हणून विद्यापीठाच्या जीवरसायन प्रयोगशाळेच्या दारात चपला काढून उभी! "अगं, देऊळ न्हाई ते," म्हणून तुम्ही हसलात. "चपला घाल आधी. पायावर आसिड सांडलं म्हंजे कळंल." बाकीचे सगळे फाडफाड इंग्रजी बोलणारे. माझ्याशी आमच्या बोलीत बोलणारे तुम्ही एकटेच, आणि तुमचं काम नळ्या-बाटल्या धुण्याचं. मनात म्हटलं, त्यात काय एवढं? भांडी तर मी सहा वर्षांची असल्यापासून घासतेय!

पण तुमची धुण्याची तऱ्हाच वेगळी. आधी ते जळजळीत आसिड, मग सात पाणी, शेवटी ऊर्ध्वपातित पाणी. मग नळी खिडकीशी धरून तुम्ही एक डोळा मिटायचात. पाण्याचा एकही थेंब काचेला चिकटून राहिला तर नळी परत आसिडात. मला हसू यायचं. सोवळ्यातल्या आज्जीबाई म्हणायची मी तुम्हाला, तुमच्या तोंडावर! तुम्ही कधी रागावला नाहीत.

प्रयोगशाळेचे सर तेव्हा मोड आलेल्या मटकीत फॉस्फेट किती, ते मोजत होते. रसात औषध घातलं की फॉस्फेट असेल तेवढा निळा रंग चढायचा. एवढे विद्वान, पण मटकीला धड मोड आणता येईनात! पाण्यातच ठेवायचे, मग नासणार नाही तर काय? मी ती फडक्यात बांधून दाखवली. सर खूश झाले आणि मी लागले हवेत चालायला.

घरी मात्र आबांनी बजावलं होतं, "येक वरीस. सायबानं नावं ठिवली की गप घरी यायाचं. पावनं बघाया लागू." माझं सगळं त्या एका वाक्यावर लटकलेलं.

म्हणूनच तो शहाणपणा सुचला मला. तुम्ही धुतलेल्या नळ्यांच्या तळाशी जुने पांढुरके डाग असायचे. काचच झिजलेली होती हो ती! मला वाटलं, मळ. घरून कागदात चुलीची राख बांधून आणली. तुम्ही भाकरी खायला गेलात की काडीला काथ्या गुंडाळून नळ्या घासायच्या, साध्या पाण्यानं दोनदा विसळायच्या आणि होत्या तिथं लावून ठेवायच्या. लख्ख! तीन आठवडे चाललं हे. कुणी विचारलं असतं तर मिरवलंही असतं.

मग एक दिवस कोरी नळी निळी झाली. कोऱ्या नळीत मटकीचा रस घालत नाहीत, त्यामुळे तिच्यात रंग यायलाच नको. आणि ती तर आकाशासारखी निळी! सरांचे तीन आठवड्यांचे आकडे फुकट गेले. सगळ्यांना उभं करून त्यांनी विचारलं, "नळ्या कोणी धुतल्या?"

"म्या धुतल्या, सायेब," तुम्ही म्हणालात.

मला तेव्हाच कळलं होतं, मामा. पण मी पुढे झाले नाही. डोळ्यांपुढे आबा आणि पावणे. दुसऱ्या दिवशी चिमूटभर राख पाण्यात कालवून तपासली. निळी! राखेत फॉस्फेट असतं, हे रसायनाच्या विद्यार्थिनीला अगोदर कळू नये? तोवर तुम्हाला तळघरातल्या कोठारात धाडलं होतं. करून सवरून मी नामानिराळी.

तुम्ही पंचा न्यायला वर आलात आणि मोरीच्या कडेला सांडलेली राख तुम्हाला दिसली. तुम्ही ती ओल्या फडक्यानं पुसलीत आणि हळूच म्हणालात, "पोरी, राख घरीच ऱ्हाऊ दे. हितं चालत न्हाई ती." बस्स! तसंच सरांकडे जाऊन का नाही सांगितलंत? निदान मला एक ठेवून तरी द्यायची होतीत! राग येतो मला तुमचा. पुढची चार वर्षं त्या काळोखात पोती मोजत बसलात, जिन्यात भेटलं की "बरं चाललंय न्हवं?" विचारत राहिलात, आणि मी "होय मामा" म्हणत वर जात राहिले.

काल कळलं, तुम्ही मामींनाही सांगितलं नव्हतंत. त्या म्हणाल्या, "मरस्तवर हात बघायचे सोताचे. म्हनायचे, ह्या हातांनी चूक कशी झाली?" हे ऐकूनसुद्धा मी नमस्कार करून निघून आले. तुम्हाला खरं ठाऊक असताना बायकोशी असं बोलायचात? माझ्यासाठी? फार लाज वाटते, मामा. फार.

पिंपरीला पेनिसिलिनच्या कारखान्यात माझी जागा ठरत आलीय. सर उद्या शिफारसपत्रावर सही करणार आहेत. सहीच्या आधी मी त्यांना राखेचं सांगेन, सगळ्यांना उभं करून. मग त्यांना सही करायची तर करू देत, नाहीतर फाडू देत. तिथून तशीच दिघीला जाईन आणि मामींना सांगेन, "मामांनी नळ्या स्वच्छच धुतल्या होत्या. घाण मी केली."

तुमची
शेवंता