कपाटामागची ओल

मनवेलपाडा, विरार पूर्व
९ मार्च २०२५

चि. प्रल्हाद,

अनेक आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. ज्ञानदाची कंबर कशी आहे? मागच्या खोलीतला पंखा दुरुस्त केलास का? पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू ‘हो ताई, हो ताई’ करत सुटतोस, म्हणून लिहायला बसले.

घराला गिऱ्हाईक मिळालं बरं का! तू गाठून दिलेला तो एजंट हार्दिक, त्याने मला वर्षभर हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलं. म्हणे, वाट्टेल तो भाव येईल. तळमजल्यात पावसाचं पाणी शिरतं, ती ओल रंगवून पुढे कपाट लावायची शक्कलही त्याचीच. लोक येत, घर आवडे, मग शेजाऱ्यांकडून पाण्याचं कळलं की पुन्हा फिरकत नसत. मी आपली शेजाऱ्यांना बोल लावत बसले.

शेवटी माणिकपूरच्या एलिसाला बोलावलं. तीही एजंटच. आल्या आल्या म्हणाली, कपाट सरकवा. ओल बघितली आणि असा भाव सांगितला की मी तिला दारच दाखवणार होते. पण बाई जागची हलली नाही. “पाणी आपणच आधी सांगायचं. आधी कळलं तर माणूस भाव पाडतो, नंतर कळलं तर पळतो.”

तसंच झालं. पाचूबंदरचा मच्छीमार सेबेस्टियन आला. पाणी कुठवर चढतं ते नीट विचारलं, घासाघीस केली आणि ठरवून टाकलं. म्हणाला, आमचा जन्मच पाण्यात गेलाय.

टोकन घ्यायच्या आदल्या दिवशी एलिसा पुन्हा आली. विकून राहणार कुठे, म्हणाली. म्हटलं, चिपळूणला, धाकट्या भावाकडे.

“भावाला विचारलंत?”

चाळीस वर्षं शिकवलं, पण वर्गात असा नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मग तिने सांगितलं, विचारल्याशिवाय टोकन घेऊ नका, माझी दलाली बुडाली तरी चालेल. घर हातचं गेल्यावर तो नाही म्हणाला, तर जाल कुठे?

गेल्या पावसात पाणी शिरलं तेव्हा मी पलंगावर पाय वर घेऊन बसले होते, आणि तुला फोनवर म्हटलं, सगळं ठीक. ठीक नव्हतं रे. हे गेल्यापासून पहिल्यांदाच मला या घरात भीती वाटली.

तेव्हा आता विचारते. मला तुमच्याकडे यायचंय. चार दिवसांसाठी नाही, कायमचं. मी तापट आहे, पहाटे रेडिओ लावते, आमटीत मीठ कमी पडलं तर तोंडावर सांगते. ओल आधीच दाखवलेली बरी. ज्ञानदाशी बोल, संसार तिचाही आहे, तिच्या मनात काय आहे ते तिलाच सांगू दे, आणि मग खरं ते लिही. सेबेस्टियन महिनाअखेरपर्यंत थांबलाय.

‘नाही’ आलं तर रागावेन, खोटं कशाला बोलू? पण स्वतःच्या घरात बसून रागावेन. भिडेखातर दिलेला ‘हो’ मात्र मला नको.

तुझ्या खऱ्या उत्तराची वाट बघणारी,
ताई